तेलाच्या कंपनीचे शेअर आणि हौशी गुंतवणूकदार

सायंकाळी दुकाने वाढविण्याच्या सुमारास आमच्या पेठांतून जी बोलणी कानी पडत, ती पूर्वी सरकी, हळद, गूळ आणि तूर यांच्या भावांची असत. आता त्यांत शेअरांच्या भावांची भर पडली आहे. किंबहुना काही पेढ्यांवर तर मालाचे भाव मागे पडून शेअरांचे भावच पुढे सरकले आहेत. मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती सुमारे ४ कोटी होती. २०२४ सालच्या अखेरीस ती १८ कोटींच्या वर गेली. खाती म्हणजे माणसे नव्हेत, एकाच गृहस्थाची दोन-दोन खातीही असतात, हे जमेस धरले तरी पाच वर्षांच्या आत घडलेला हा पालट लहान नव्हे. वकील, शिक्षक, पेन्शनर, अडते, किराणा दुकानदार असे जे लोक आपली शिल्लक सोन्याच्या पाटल्यांत आणि गावाकडील जमिनीत अडकवून ठेवीत, ते आज कंपन्यांचे भागीदार झाले आहेत. याचा आम्हांस विषाद वाटत नाही. बचत पेटीत निजवून ठेवण्यापेक्षा ती उद्योगधंद्यांत घालावी, ही शिकवण सुधारणेच्छू लोक फार दिवसांपासून देत आले आहेत. पण भागीदारी आणि भागीदारीचे सोंग यांत अंतर आहे. जो आपल्या धंद्याचा जमाखर्च वाचीत नाही, धंदा कशावर चालतो हे विचारीत नाही आणि कारभाऱ्याने काही केले तरी मुकाट राहतो, त्यास भागीदार म्हणावे काय? हा प्रश्न नुसत्या तत्त्वाचा न ठेवता आम्ही एका उदाहरणावर घासून पाहणार आहोत. आणि ते उदाहरण आमच्याच समुद्रातले आहे.

तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ साली झाली. सागर सम्राट या खोदकामाच्या जहाजाने १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात तेल शोधून काढले, आणि १९७६ पासून 'बॉम्बे हाय'चे तेल किनाऱ्यावर येऊ लागले. उरणच्या कारखान्यापर्यंत समुद्राच्या तळातून नळ आले, आणि रायगडच्या किनाऱ्याचे रूप पालटले. १९९३ साली आयोगाची कंपनी झाली, ती आज ओएनजीसी या नावाने सर्वांस ठाऊक आहे. मार्च २००४ मध्ये सरकारने आपल्या भागांपैकी कंपनीच्या एक-दशांशाइतके भाग ७५० रुपये दराने जनतेस विकून सुमारे साडेदहा हजार कोटी रुपये उभे केले. त्या विक्रीने हजारो मध्यमवर्गीय घरांत या कंपनीचा प्रथम प्रवेश झाला. आजही कंपनीचे सुमारे ५९ टक्के भाग सरकारकडे आहेत. उरलेल्यांत मोठ्या संस्था आहेत आणि आमच्या वाचकांसारखे लाखो लहान भागीदारही आहेत.

हे शेअर घ्यावेत की न घ्यावेत याविषयी हौशी गुंतवणूकदारांची मते आम्ही जेव्हा जेव्हा ऐकतो, तेव्हा ती फिरून फिरून पाचच मुद्द्यांवर येतात. कंपनी सरकारची आहे, सबब बुडत नाही; तेलाचा भाव चढला की शेअरही चढणार; लाभांश बँकेच्या व्याजाच्या तोडीचा मिळतो; नफ्याच्या मानाने शेअर स्वस्त आहे; आणि याच्या उलट पक्ष असा की, विजेच्या गाड्या आल्या, आता तेलाचे दिवस भरले. यांतील एकही मत सर्वस्वी खोटे नाही. परंतु अर्धे सत्य हाती धरून पैसा गुंतविणाऱ्याचे जितके नुकसान होते, तितके उघड असत्याने होत नाही. कारण उघड असत्याविषयी मनुष्य निदान सावध असतो.

पहिले मत घेऊ. सरकारी कंपनी बुडत नाही, हे बहुतांशी खरे. पण कंपनी न बुडणे आणि भागीदाराचे हित होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तेलाच्या धंद्यात सरकार एकाच वेळी तीन पागोटी बांधून बसलेले असते: ते थोरला भागीदार असते, कर वसूल करणारे असते, आणि पेट्रोल-गॅसच्या भावांची राजकीय जबाबदारीही त्याच्याच शिरावर असते. या तिघांत विरोध आला की भागीदाराचे पागोटे प्रथम उतरते. २००३-०४ पासून पुढील सुमारे दहा-बारा वर्षे घरगुती गॅस, रॉकेल आणि डिझेल स्वस्त ठेवण्याचा जो बोजा होता, त्याचा मोठा वाटा या कंपनीने आपले कच्चे तेल सवलतीने विकून उचलला. २०१३-१४ या एकाच वर्षी ही सवलत ५६ हजार कोटी रुपयांच्या वर गेली. त्या वर्षी बाजारात पिंपाचा भाव शंभर डॉलरांच्या वर असता कंपनीच्या पदरात पिंपामागे सुमारे ४१ डॉलर पडले. गरिबाच्या चुलीला स्वस्त इंधन मिळू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते मिळावेच, पण त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून, अंदाजपत्रकात उघड आकडा लिहून व्हावा. तो एका कंपनीच्या नफ्यातून परस्पर वळता केला, म्हणजे कर नेमका कोणी भरला हे कोणासच कळत नाही.

पुढचा अध्याय २०१७-१८ चा. गुजरात सरकारच्या कंपनीचा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील हिस्सा ओएनजीसीने सुमारे ७,७३८ कोटी रुपयांस घेतला. त्या क्षेत्रातून अपेक्षेइतका वायू काही निघाला नाही. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम या तेलशुद्धीकरणाच्या कंपनीतील सरकारचे ५१.११ टक्के भाग ओएनजीसीने ३६,९१५ कोटी रुपये मोजून विकत घेतले. विकणारे सरकार, घेणाऱ्या कंपनीचे थोरले भागीदार सरकार, आणि जी रक्कम तिजोरीत जमा झाली ती निर्गुंतवणुकीच्या उद्दिष्टाच्या पूर्तीत धरणारेही सरकार! कर्जमुक्त म्हणून नाव असलेल्या कंपनीस यासाठी मोठे कर्ज काढावे लागले. व्यवहार चांगला की वाईट यावर जाणत्यांत मतभेद असू शकतील. उत्खनन आणि शुद्धीकरण एका छत्राखाली असावे, या विचारात तथ्य नाही असे नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. लहान भागीदाराच्या वाट्याचाही पैसा यात गेला. त्याचे मत कोणी विचारले? एकत्र कुटुंबाच्या कर्त्यास मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार असतो. पण तो कुटुंबाच्या गरजेसाठी व हितासाठी असतो. धाकट्या पातीच्या हिश्शाची किंमत कर्त्याने स्वतःशीच ठरवून ती स्वतःच्या गल्ल्यात टाकली, तर गावातला अडाणी मनुष्यही त्यास जाब विचारतो. तो जाब कंपनीच्या सभेत विचारावयाचा असतो, हेच आमच्या सुशिक्षितांस अद्याप उमगलेले नाही.

कोणी म्हणेल, आम्ही शेअर घेतलेच नाहीत, आम्हांस याचे काय? त्यांस १ मार्च २०१२ चा लिलाव आठवावा. त्या दिवशी सरकारने कंपनीचे ५ टक्के भाग, २९० रुपयांच्या खाली देणार नाही असे सांगून, विक्रीस काढले आणि सुमारे पावणेतेरा हजार कोटी रुपये मिळविले. घेणारा कोण होता? त्यांतील बहुतेक भाग आयुर्विमा महामंडळाने उचलले. म्हणजे ज्या गृहस्थाने जन्मात दलालाचे तोंड पाहिले नाही, पण मुलाबाळांसाठी विम्याचा हप्ता मात्र नेमाने भरला, तोही त्या दिवशी तेलाच्या विहिरीचा भागीदार झाला. तेव्हा हा प्रश्न मूठभर शेअरवाल्यांचा आहे असे समजून कोणी कानावर हात ठेवू नये.

दुसरे मत तेलाच्या भावाचे. तेल चढले की शेअर चढतो, सबब लढाईची बातमी आली की शेअर घ्यावा आणि तह झाला की विकावा, असा हिशेब अनेक हौशी मंडळी करितात. आमच्या व्यापारी वाचकांस तेजी-मंदी आम्ही शिकवावी असे नाही. तथापि तेलाची तेजी-मंदी सोयाबीन-कापसाच्या तेजी-मंदीहूनही उग्र असते, हे आकड्यांवरून पाहावे. जुलै २००८ मध्ये पिंपाचा भाव १४७ डॉलरांवर होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो ४० च्या खाली आला. जून २०१४ मध्ये ११५ च्या आसपास असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेला. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील वायद्याचा भाव शून्याच्याही खाली, उणे ३७.६३ डॉलर झाला; म्हणजे माल न्या आणि वर पैसेही घ्या, अशी पाळी आली. त्या वेळी आपल्या मुंबईच्या वायदेबाजारातही सौद्यांचा निकाल पिंपामागे उणे २,८८४ रुपये या दराने लागला, आणि तेल शून्याखाली थोडेच जाणार या समजुतीने खरेदी करून बसलेले किती तरी लोक भरडले गेले. पुढे दोन वर्षांच्या आत, मार्च २०२२ मध्ये, रशिया-युक्रेन युद्धाच्या आरंभी तोच भाव १३९ डॉलरांच्या जवळ पोहोचला. या झोपाळ्यावर बसून पुढचा झोका ओळखण्याचे सामर्थ्य ज्यास आहे, तो आमचे वर्तमानपत्र वाचीत बसणार नाही.

शिवाय या कंपनीच्या बाबतीत हा झोपाळा दोन्ही बाजूंस सारखा जात नाही. १ जुलै २०२२ रोजी सरकारने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये जादा उत्पादनशुल्क बसविले, आणि त्या एका दिवसात ओएनजीसीचा शेअर दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. पुढे या कराचा दर दर पंधरवड्यास बदलत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो कर उठविण्यात आला. अनपेक्षित नफ्यावर राष्ट्राने हक्क सांगणे यात अन्याय आहे असे आम्ही म्हणत नाही. भूमीच्या पोटातील संपत्ती सर्व प्रजेची आहे. परंतु भाव पडला असता तोटा संपूर्ण आपला, आणि भाव चढला असता नफ्याची वरची साय दुसऱ्याची, हे ज्या धंद्याचे स्वरूप आहे, त्याची किंमत ठरविताना ते स्वरूप हिशेबात घ्यावे की नाही? लढाईची बातमी वाचून शेअर घेणारा मनुष्य नेमके हेच विसरतो.

मुंबईकरांस तर हा धडा नवीन नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तिकडील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि आमच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात बँका आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या दारी सारे शहर लोटले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला, १ जुलैला सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, आणि शहराचे दिवाळे वाजले. जुनी बँक ऑफ बॉम्बेदेखील त्या धक्क्यातून सावरली नाही. तेव्हाचे लोक मूर्ख होते काय? नव्हते. कापसाचा धंदा त्यांस आपल्याहून अधिक कळत होता. पण एका जिनसाचा भाव परदेशातील लढाईवर लटकत आहे आणि आपली सर्व शिल्लक त्या एका भावावर लटकत आहे, हे त्यांनी पाहिले नाही. कापसाच्या जागी तेल घातले की ही गोष्ट जुनी राहत नाही.

आता तिसरे मत, लाभांशाचे. पेन्शनर आणि विधवा स्त्रिया यांस हे मत फार पटते, म्हणून ते अधिक काळजीने तपासावयास हवे. शेत आणि तेलाची विहीर यांत मुख्य भेद असा की, शेतात दर साली नवे पीक येते. पाण्याची विहीरदेखील उपसली तरी पावसाळ्यात पुन्हा भरते. तेलाची विहीर मात्र जितकी उपसावी तितकी रिती होत जाते. लाखो वर्षांत साठलेला माल काढून विकणे, हा तिचा धंदा. तेव्हा अशा कंपनीच्या लाभांशाचा एक भाग नफा असतो आणि एक भाग आपल्याच मुद्दलाची परतफेड असते. जितके तेल काढले तितके नव्याने शोधून काढल्याखेरीज मुद्दल कायम राहत नाही; आणि शोध लागेलच असे नाही, एकेक कोरडी विहीर शेकडो कोटी रुपये गिळते. बॉम्बे हायची भरज्वानी केव्हाच सरली आहे. तेथील घटते उत्पादन सावरण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक साहाय्यासाठी निवड करावी लागली. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातील क्षेत्रातून जानेवारी २०२४ मध्ये तेल निघू लागले, तेही नेमलेल्या मुदतीनंतर बऱ्याच विलंबाने. परदेशात साठे विकत घेण्याचा मार्गही निर्धोक नाही. २००८ साली तेल शंभरावर असता ठरविलेला सायबेरियातील इम्पीरियल एनर्जीचा सौदा कंपनीच्या परदेशी शाखेने २००९ च्या जानेवारीत, तेल चाळिशीत उतरले असता, सुमारे २१० कोटी डॉलर देऊन पुरा केला. तेथील उत्पादन अंदाजास कधीच पोहोचले नाही आणि महालेखापरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले.

लाभांश किती द्यावयाचा हेही केवळ धंद्याच्या गरजेवरून ठरत नाही. सरकारी कंपन्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के अथवा नक्त मालमत्तेच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका तरी लाभांश वाटावा, असा दंडक नोव्हेंबर २०२४ मध्ये घालून देण्यात आला. पूर्वी तो ४ च्या ठिकाणी ५ टक्क्यांचा होता. लहान भागीदारास हा नियम गोड वाटतो, कारण तिजोरीबरोबर त्याच्याही ताटात काही पडते. परंतु ज्या वर्षी नव्या विहिरी खोदावयास पैसा हवा, त्या वर्षीही तो वाटून टाकावा लागला, तर आज खाल्लेला लाभांश उद्याच्या विहिरीतूनच उचललेला असतो. आणि हे तेल निघते कसे, याचाही भागीदारास विसर पडू नये. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुराने बुडालेली असता, भर समुद्रातील एका फलाटावर जहाज आदळून आग लागली. काही तासांत तो फलाट समुद्रात गेला आणि २२ माणसे दगावली. सुरक्षिततेवर होणारा खर्च नफा कमी करतो म्हणून कुरकुरणाऱ्या भागीदाराने ही तारीख ध्यानात ठेवावी.

चौथे मत, शेअर स्वस्त असल्याचे. येथे एक साधे गणित मांडतो. २००४ साली ७५० रुपयांस घेतलेल्या एका शेअराचे, २००६ सालचा बोनस, २०११ सालची फोड व बोनस आणि २०१६ सालचा बोनस धरून, ९ शेअर झाले. म्हणजे आजच्या मापाने मूळ किंमत ८३ रुपये ३३ पैसे पडली. मार्च २०२० मध्ये हा शेअर ६० रुपयांच्याही खाली उतरला होता. सोळा वर्षे थांबलेल्या गृहस्थाचे, मधले लाभांश सोडले तर, मुद्दलही त्या दिवशी पुरे निघत नव्हते. आणि त्याच सोळा वर्षांत मुंबईच्या बाजाराचा निर्देशांक सहा हजारांच्या खालून निघून, त्या भयंकर पडझडीतसुद्धा, पंचवीस हजारांच्या वर होता. उलट, मार्च २०२० मध्ये ज्याने धीर करून हेच शेअर घेतले, त्याने ऑगस्ट २०२४ मध्ये तीनशे रुपयांच्या पलीकडचा भाव पाहिला. कंपनी एकच, विहिरी त्याच, सरकार तेच. एकाचे सोळा वर्षांत काही झाले नाही, दुसऱ्याचे साडेचार वर्षांत पाचपट झाले. यावरून 'जुने ठेवा, सोने होईल' हे सूत्रही सिद्ध होत नाही आणि 'सरकारी शेअरास हात लावू नये' हेही सिद्ध होत नाही. इतकेच सिद्ध होते की, नफ्याच्या मानाने भाव कमी दिसतो त्यास पुष्कळदा कारण असते. आणि ते कारण ज्यास ठाऊक नाही, त्याने स्वस्ताईवर भाळू नये. पडेल भावाने माल विकणाऱ्या दुकानदारास आपण विचारतोच ना, की यात खोट काय आहे?

पाचव्या मताविषयी थोडक्यात. विजेच्या गाड्या वाढत आहेत हे खरे. पण आपला देश आजही आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परदेशांतून आणतो. देशात निघालेल्या प्रत्येक टनास गिऱ्हाईक दाराशी उभे आहे. तेलाचा अंत उद्या होणार नाही. परंतु वीस-वीस वर्षे चालावयाच्या विहिरींत पैसा घालताना वीस वर्षांनंतरची मागणी कशी असेल, याचा विचार कंपनीने केला आहे काय, हे विचारण्याचा भागीदारास हक्क आहे.

तेव्हा शेअर घ्यावेत की न घ्यावेत? याचे उत्तर आम्ही देणार नाही. ते आमचे काम नव्हे. कोणत्या रीतीने घ्यावेत, हे मात्र सांगतो. ज्या पैशावर वर्षभराचा घरखर्च, औषधपाणी वा मुलीचे शिक्षण अवलंबून आहे, तो पैसा एका जिनसाच्या भावावर लावू नये. कर्ज काढून तर कदापि लावू नये. वायदे आणि ऑप्शन यांच्या वाटेस जाणाऱ्यांनी सेबीची २०२४ सालची पाहणी वाचावी: तीन वर्षांत अशा व्यवहारांत पडलेल्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांस तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. शेअर घेण्यापूर्वी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून निदान चार गोष्टी पाहाव्यात: वर्षात तेल किती काढले, त्या बदल्यात नवीन साठा किती सापडला, एक पिंप काढावयास खर्च किती आला, आणि नफ्यापैकी किती वाटला, किती विहिरींत घातला. जो किराणा दुकानदार पोत्यामागे पडता काढल्याखेरीज माल उचलीत नाही, त्यास ही चार आकडेमोडी जड जाण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट घराच्या आतली. किती घरांत पतीने घेतलेल्या शेअरांची पत्नीस वार्ता असते? खात्यावर वारसाचे नाव लावलेले नसते, कागद कोठे आहेत हे ठाऊक नसते, आणि यजमान निवर्तल्यावर ती बाई कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत फिरते. सात वर्षे लागोपाठ लाभांश कोणी न उचलल्यास तो, आणि त्यामागोमाग ते शेअरही, सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. मग ते सोडविणे हा एक स्वतंत्र खटाटोप होतो. स्त्रियांस व्यवहार कळत नाही असे म्हणणारे त्यांस व्यवहार कळू देतात काय, हाच खरा प्रश्न आहे. घरातील भागीदारीची माहिती घरातील भागीदारणीस प्रथम द्यावी.

हे झाले व्यक्तीचे कर्तव्य. समाजाचे कर्तव्य याहून मोठे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १५१ व्या कलमात लहान भागीदारांनी आपला एक संचालक निवडून देण्याची तरतूद आहे. दर्शनी किमतीने २०,००० रुपयांपर्यंत शेअर ज्याच्याजवळ आहेत तो लहान भागीदार. म्हणजे ओएनजीसीच्या ५ रुपयांच्या शेअराप्रमाणे ४,००० शेअर बाळगणाराही त्यात येतो. अशा १,००० जणांनी, अथवा एकूण लहान भागीदारांच्या एक-दशांशांनी, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी, नोटीस दिली की मागणी उभी राहते. लाखो भागीदारांत एक हजार सह्या मिळू नयेत, इतके का आम्ही दुबळे आहोत? खेदाची गोष्ट ही की, कायद्याने असा संचालक 'घेता येईल' एवढेच म्हटले आहे, 'घेतलाच पाहिजे' असे म्हटलेले नाही. हा शब्द बदलावा, ही आमची पहिली मागणी. दुसरी: आप्तसंबंधी पक्षांच्या मोठ्या व्यवहारांत त्या पक्षांनी मत देऊ नये, असा सेबीचा नियम आहे, पण दोन सरकारी कंपन्यांमधील व्यवहारांस त्यातून सूट आहे. ती सूट काढावी. खासगी धनिकास जे वर्ज्य, ते सरकारास क्षम्य कसे? तिसरी: तेलाच्या अमुक भावावर अमुक कर, हे कोष्टक आगाऊ जाहीर करावे, म्हणजे भाग विकत घेणाऱ्यास आपण काय घेत आहोत हे कळेल.

यावर दोन आक्षेप येतील. सरकार थोरला भागीदार आहे हे ठाऊक असूनच तुम्ही शेअर घेतलेत, मग तक्रार कसली, हा एक. त्यास उत्तर असे की, कर्ता थोरला आहे हे माहीत असणे म्हणजे त्याने काहीही करावे अशी संमती देणे नव्हे. आणि ज्याने स्वतः होऊन जनतेस भाग विकून पैसे घेतले, त्याने तर हा मुद्दा काढूच नये. दुसरा आक्षेप असा की, ५९ टक्क्यांपुढे आमच्या दहा-वीस शेअरांचे मत काय कामाचे? मत हरेल, हे आम्हांसही दिसते. परंतु आता मत देण्यास दिल्लीच्या सभेत जावे लागत नाही. घरबसल्या ते देता येते, आणि प्रत्येक ठरावावर किती मते विरुद्ध पडली हा आकडा दोन दिवसांत बाजारापुढे जाहीर करावा लागतो. लाखो लोकांनी न दिलेले मत शून्य म्हणून मोजले जाते. दिलेले विरुद्ध मत कागदावर राहते, आणि पुढच्या वेळी कारभाऱ्यास त्याची आठवण ठेवावी लागते.

आमच्या गावोगावी नगरवाचनालये आहेत, व्यापारी मंडळे आहेत, पेन्शनरांचे कट्टे आहेत. तेथे आज भाव चढला की उतरला याचीच चर्चा होते. महिन्यातून एक सायंकाळ एका कंपनीचा वार्षिक अहवाल मोठ्याने वाचावा. ज्यास हिशेब कळतो त्याने इतरांस समजावून सांगावा. सभेपुढे येणाऱ्या ठरावांवर बोलावे आणि मग प्रत्येकाने आपापले मत नोंदवावे. यास पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. १८६५ साली दिवाळे वाजल्यावर लोकांनी नशिबास बोल लावला, कारण हिशेब मागण्याचा प्रघात तेव्हा पडलेलाच नव्हता. आज कायदा आहे, अहवाल आहे, मताचा हक्क आहे. ज्या वाचकांजवळ या किंवा दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे दहा शेअर असतील, त्यांनी यंदाच्या वार्षिक सभेची नोटीस आली असता ती रद्दीत न टाकता उघडून वाचावी, एवढेच आमचे मागणे आहे.